भिजत घोंगडे : लातूर ते आइंडहोव्हन

अर्जात एक रकाना होता : ‘वस्तू कोणत्या साहित्यापासून बनली आहे, हे वीस शब्दांत लिहा.’ मी ‘लोकर’ एवढा एकच शब्द लिहिला आणि उरलेल्या एकोणीस शब्दांत काय भरायचे याचा विचार करत बसले. मेंढी दख्खनी जातीची आहे, तिचा काळा रंग जन्माचा आहे, सूत हाताने कातलेले आहे, ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली आहे, असे एकेक घालत गेले तेव्हा शब्द पुरेनात. 2024 च्या फेब्रुवारीत भरलेला तो अर्ज मे महिन्यात मंजूर झाला आणि आमच्या लातूर जिल्ह्यातील एका खड्डा मागावर विणलेले घोंगडे ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे डच डिझाईन वीकमधील एका सामूहिक प्रदर्शनात टांगले जाणार, असे ठरले. मधल्या पाच महिन्यांत त्या घोंगड्याचे काय काय झाले, ते येथे क्रमाने सांगते, कारण परदेशी प्रदर्शनाबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा उद्घाटनापासून सुरू होते आणि त्याआधीच्या कागदांविषयी कोणी फारसे बोलत नाही.

प्रथम ठिकाणाविषयी थोडे. आइंडहोव्हनमध्ये 1891 साली फिलिप्स कंपनीचा विजेच्या दिव्यांचा कारखाना सुरू झाला आणि विसाव्या शतकाचा बहुतेक काळ ते गाव त्या कंपनीभोवतीच वाढले. कंपनीने उत्पादन आणि मुख्यालय बाहेर हलवल्यावर मोठमोठे कारखाने रिकामे पडले. स्ट्रिप-एस नावाचा त्यांपैकी एक सबंध परिसर आज कार्यशाळा, घरे आणि प्रदर्शनांच्या दालनांनी भरलेला आहे. दर ऑक्टोबरात नऊ दिवस हे सारे गाव प्रदर्शन होते. दोन हजारांहून अधिक डिझायनरांचे काम तेथे मांडलेले असते. मिलानच्या फर्निचर मेळ्याची सुरुवात 1961 मधली आणि त्याचा कणा व्यापाराचा; आइंडहोव्हनला मात्र अर्धवट, प्रयोगाच्या अवस्थेतल्या गोष्टी मांडण्याची मुभा अधिक आहे. याचे एक कारण तेथील डिझाईन अकादमी. हेला योंगेरियुस, मार्टिन बास, क्रिस्टिन माइन्डर्ट्स्मा आणि फॉर्माफांताज्मा या नावाने काम करणारी इटालियन जोडी, हे सगळे त्या एकाच संस्थेतून शिकून बाहेर पडले. वस्त्रकलेचे शिक्षण घेताना मी यांच्या कामाची छायाचित्रे पाहिली होती. त्यांच्या गावात आपले घोंगडे जाईल असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर मी हसण्यावारी नेले असते.

आमच्या दालनाचा विषय होता बाजारात न खपणारे, जाडेभरडे तंतू. म्हणून आमची निवड झाली. घोंगडे सुंदर आहे म्हणून नव्हे. हे मला नीट समजायला फार वेळ लागला, आणि त्यातूनच पुढची चूक झाली.

घोंगडे विणणारे तात्या माझ्या गावापासून आठ किलोमीटरवर राहतात. त्यांच्या ओसरीच्या कडेला जमिनीत खड्डा आहे. त्या खड्ड्यात पाय सोडून, काठावर बसकर टाकून ते बसतात आणि पायांनी पावड्या दाबून विणतात. लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते, आणि एका मेंढीची एका वेळेस पाव ते अर्धा किलो लोकर मिळाली तरी पुष्कळ. ती पिंजायची, बायकांनी रहाटावर कातायची, मग अंगणात ताणा पसरून त्याला चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवलेली खळ कुंच्याने लावायची. ही खळ सुकली की सूत काठीसारखे ताठ होते आणि फणीत घासून तुटत नाही. नव्या घोंगड्याला जो कडकपणा आणि आंबूस, धुरकट, मेंढीसारखा वास असतो तो या खळीचा आणि लोकरीतल्या तेलकटपणाचा. अंगावर घेऊन घेऊन दोन पावसाळ्यांनंतर घोंगडे मऊ पडते आणि वासही विरतो.

तात्यांना मी प्रदर्शनाचे सांगितले तेव्हा त्यांनी देश विचारला नाही, तारीख विचारली नाही. “पन्हा किती पायजे?” एवढेच विचारले. आयोजकांना साधारण अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर लांब टांगणी हवी होती, आणि तीही अखंड. तात्यांच्या मागाचा पन्हा ऐंशी सेंटिमीटर. माणूस हाताने धोटा फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. पन्हा त्याच्या दोन हातांच्या पल्ल्याबाहेर जाऊ शकत नाही. मी कागदावर तीन पट्टे काढून दाखवले आणि शिवण दिसणार नाही अशी काही युक्ती आहे का, असे विचारले. तात्या म्हणाले, “सांदा हाय तर दिसंल की. लपवायचा कशापाई?” मी आयोजकांना ‘अखंड शक्य नाही, तीन पट्टे जोडावे लागतील’ असे कळवले आणि नकार येईल म्हणून चार दिवस नीट झोपले नाही. उत्तर एका ओळीचे आले : शिवण अवश्य दाखवा. योंगेरियुस यांनी धागे, गाठी, टाके उघडे ठेवण्याची जी सवय त्या गावाला लावली आहे तिचा आम्हाला असा परस्पर फायदा झाला असावा, असे माझे मत आहे. मुद्दा एवढाच की आयोजकांनी ‘अखंड’ हा शब्द सहज वापरला होता आणि मी तो अट म्हणून वाचला होता.

तीन पट्ट्यांची मिळून कोरडी टांगणी नऊ किलो भरली. पिंजताना गळणारी लोकर धरून हिशेब केला तर किमान तीस मेंढ्यांची लोकर तीत गेली होती. हा हिशेब करण्याची बुद्धी मला माइन्डर्ट्स्मा यांच्यामुळे झाली. 2007 मध्ये त्यांनी एका डुकरापासून पुढे काय काय बनते याचा माग काढून 185 वस्तूंची नोंद पुस्तकरूपाने मांडली होती, आणि एका मेंढीच्या लोकरीतून एकच अंगरखा असाही त्यांचा एक प्रकल्प होता. आमच्याकडे मेंढी ओळखीची असते, पण घोंगड्यात तिचा माग उरत नाही. चार कळपांची लोकर एकाच पोत्यात पडते.

आता कागदांकडे वळते.

पहिला कागद आगीचा. सार्वजनिक दालनात टांगलेले कापड पेट घेणार नाही असा दाखला लागतो. लोकर या बाबतीत फार गुणी आहे. कापूस अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास पेटतो, तर लोकरीला त्याच्या दुपटीहून अधिक तापमान लागते आणि ज्योत बाजूला केली की ती बहुधा आपोआप विझते. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नमुना पाठवला. कापड उत्तम उतरले, पण शिवणीपाशी धग रेंगाळत राहिली, कारण मी पट्टे जोडायला सुती दोरा वापरला होता. सगळी शिवण उसवून लोकरीच्या दुपदरी सुताने पुन्हा घालावी लागली. ते काम तात्यांच्या घरच्या मावशींनी केले, आणि पहिल्या शिवणीपेक्षा ती कितीतरी देखणी झाली. ठळक, थोडी उंचवट्याची, शेताच्या बांधासारखी. कागदाने घोंगड्यात केलेला हा बदल मला मनापासून मान्य आहे.

दुसरा कागद कसरीचा. लोकरीत कसर लागते आणि एका घोंगड्यातली कसर दालनभर पसरू शकते, म्हणून विषारी धुरी न देता गोठवून आणा, अशी सूचना होती. संग्रहालयांतून ही रीत आहे. उणे तीस अंशांत तीन दिवस, किंवा घरगुती फ्रीजरच्या उणे अठरा अंशांत दोन आठवडे. लातुरात उणे तीस अंश मला कोण देणार? ओळखीच्या एका आईस्क्रीम विक्रेत्याला पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक कमी असते. त्याने एक आडवा डीप फ्रीज रिकामा करून दिला आणि पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळलेली आमची टांगणी दोन आठवडे तेथे, कुल्फीच्या खोक्यांशेजारी पडून राहिली. रोज रात्री वीज गेली की मी त्याला फोन करत असे. पुढे पुढे तो फोन उचलताच “ताई, थंड हाय!” एवढेच म्हणू लागला.

तिसरी गोष्ट पेटीची. मी सुताराकडून आंब्याच्या फळ्यांची भक्कम पेटी करून घेतली होती. नंतर कळले की आंतरराष्ट्रीय वाहतुकीत कच्च्या लाकडाची पेटी चालत नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंशांची उष्णता तीस मिनिटे पोहोचवून त्यावर ठरावीक शिक्का मारलेला असावा लागतो, म्हणजे किडी एका देशातून दुसऱ्या देशात जात नाहीत. सुताराला हे सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. त्या पेटीत सध्या आमच्या घरची ज्वारी आहे. शेवटी जाड पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर टांगणी गुंडाळून ती विमानात सामान म्हणून सोबत नेण्याचे ठरले.

चौथा कागद सर्वांत महत्त्वाचा, आणि आपल्याकडच्या कारागिरांना तो ठाऊक असणे फार गरजेचे आहे. प्रदर्शनासाठी वस्तू तात्पुरती परदेशी नेऊन परत आणायची असेल, तर एटीए कार्ने नावाचा दस्तऐवज काढता येतो. भारतात तो फिक्की ही संस्था देते. त्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन, संख्या, वजन आणि किंमत लिहावी लागते आणि हमी म्हणून बँकेची तारण व्यवस्था दाखवावी लागते. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. निघताना, उतरताना, परत निघताना आणि मायदेशी उतरताना, अशा चार वेळा सीमाशुल्क अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावा लागतो. एकही शिक्का राहिला तर वस्तू परदेशात विकली असे गृहीत धरून कर मागितला जाऊ शकतो. माझ्या यादीत दोन नोंदी होत्या : टांगणी एक, बसकर दोन. तिसरे एक जुने बसकर माझ्या पिशवीत होते, त्याची गोष्ट पुढे येईल.

याच वेळी प्रवासखर्चासाठी एका कार्यालयाकडे केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. तेथील लिपिकाने एकदा अगदी निरागसपणे मला सांगितले, “मॅडम, तुमचं भिजत घोंगडं पडलंय.” मी कशाबद्दल आले आहे हे त्याला माहीतच नव्हते. तो अर्ज अजूनही तेथेच आहे. व्हिसा मात्र वेळेत मिळाला. शुल्क त्याच जूनमध्ये 80 वरून 90 युरो झाले होते आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा त्यावर वेगळा.

आता धुण्याचे सांगते, कारण सगळ्या प्रवासात मला बोचत राहिलेली गोष्ट तीच आहे.

माल पाठवण्याचे काम पाहणाऱ्या सल्लागाराने मला बजावले होते की न धुतलेली कच्ची लोकर युरोपात नेता येत नाही, तिच्यावर प्राणिजन्य पदार्थांचे नियम लागतात. न्यायचीच असेल तर धुऊन स्वच्छ केलेली न्या. लोकांना हाताळायला थोडी कच्ची लोकर ठेवावी असे माझ्या मनात होते, तो विचार मी सोडला. येथवर ठीक होते. पण ‘धुतलेली’ हा शब्द डोक्यात असा बसला की विणून तयार झालेली टांगणीही धुवावी असे मला वाटू लागले. खळ काढावी, वास घालवावा, कापड मऊ करावे. तात्यांना हे पटले नाही. “वास घालवायलाव, खळ काढायलाव, मग घोंगडं कशापाई म्हनायचं त्येला?” असे ते म्हणाले. मी त्यांना नियमाचे नाव सांगितले. नियमापुढे ते गप्प बसले, जसे आपण सगळेच बसतो.

तो सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. 1 आणि 2 सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नांदेड, परभणी, हिंगोलीकडे पूर आले, आमच्याकडेही आठवडाभर ऊन नव्हते. रिठ्याच्या पाण्यात पहिला पट्टा घातला आणि खळ लवकर सुटावी म्हणून मी पाणी जास्त गरम केले, वर हाताने चोळले. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. हे मी महाविद्यालयात शिकले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पट्टा तीन मीटरचा दोन मीटर सत्तर झाला. तात्यांनी नवा पट्टा विणला, एक शब्दही न बोलता, आणि ते न बोलणेच मला जास्त लागले. उरलेले कोमट पाण्यात, न चोळता धुतले आणि ओसरीत पंखा लावून पाच दिवस वाळवले. मग उणे अठरा अंश, मग नळकांडे, मग दसरा झाल्यावर रेल्वेने मुंबई.

मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने नळकांडे उघडायला सांगितले. काळ्या कापडाचा एक कोपरा पाहून तो म्हणाला, “अहो, हे तर घोंगडं. आमच्या आजोबांकडे होतं. याला कार्ने कशाला?” शिक्का मारताना त्याने वाकून कापडाचा वास घेतला आणि काही न बोलता कागद परत दिला. त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

स्किपोल विमानतळावर ‘जाहीर करण्याचे सामान’ लिहिलेल्या तांबड्या मार्गिकेतून जाऊन दुसरा शिक्का घेतला. तेथून आगगाडीने दीड तासात आइंडहोव्हन. दालन फिलिप्सच्या जुन्या इमारतीत होते. उंच खिडक्या, लोखंडी खांब, खाली सिमेंटची फरशी. टांगणी वर चढवायला दोन तास लागले. वरून प्रकाशझोत पडला तेव्हा काळ्या लोकरीतले तांबूस, करडे तंतू एकदम उमटले आणि दोन शिवणी दोन रेघांसारख्या वरून खाली उतरल्या. तात्यांच्या ओसरीत हे कधी दिसले नव्हते, कारण तेथे घोंगडे आडवे असते, अंथरलेले किंवा घडी घातलेले.

मग पाटीचा प्रश्न आला. आयोजकांनी केलेल्या पाटीवर डिझायनर म्हणून माझे एकटीचे नाव होते आणि खाली ‘भारतीय कारागिरांच्या सहकार्याने’ असे शब्द होते. मी ते बदलून घेतले. विणकर म्हणून तात्यांचे पूर्ण नाव आणि कातणाऱ्या दोघींपैकी एकीचे. दुसरीने निघतानाच सांगितले होते, “माझं नाव नगं, गावाचं टाका.” म्हणून गावाचे टाकले. आयोजकांनी एका शब्दानेही हरकत घेतली नाही. नावे मागवण्याची रीत अर्जात असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. विशेष म्हणजे शेजारच्या टेबलावर सर्व पाट्यांवर सूतगिरणीपासून यंत्र चालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावे होती.

शेजारी कोण होते? एक तरुण डच मुलगी गुरांच्या केसांपासून नमदा, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेले जाड कापड, करत होती. एका जोडीने चिडवणीच्या, म्हणजे खाजकुइलीसारख्या एका झुडपाच्या, तंतूंचा दोर वळला होता. लोकरीवर काम करणारे आणखी दोघे होते आणि दोघांची तक्रार एकच : नेदरलँड्समध्ये मेंढी मांसासाठी किंवा गवत राखण्यासाठी पाळतात, लोकर कातरण्याचा खर्चही तिच्या विक्रीतून निघत नाही, म्हणून पुष्कळ लोकर टाकून दिली जाते किंवा कवडीमोलाने जाते. हे ऐकून मी चकित झाले. आमच्याकडे लोकरीचे भाव पडले ते पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली म्हणून, तरुण पोरे मेंढ्यांमागे जाईनात म्हणून, असे मी समजत होते. जगात फॅशनची लोकर म्हणजे मेरिनो, मऊ आणि बारीक. 2014 मध्ये राहुल मिश्रा यांना मिलानमध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळाले तेही मेरिनोवरच्या कामासाठी. दख्खनी मेंढीचा केस मेरिनोच्या जवळजवळ दुप्पट जाड असतो. मऊपणाच्या त्या मोजपट्टीवर आमची मेंढी आणि डच मेंढी एकाच रांगेत मागे उभ्या आहेत, हे मला तेथे कळले. या तक्रारीला तिकडे उत्तर देण्याचे प्रयत्नही जुने आहेत. क्लाउडी योंगस्ट्रा गेली कित्येक वर्षे स्वतःचा ड्रेन्थ मेंढ्यांचा कळप राखून त्याच लोकरीचे मोठाले भित्तिपट करतात.

पहिल्या दोन दिवसांत लोक आमच्यापाशी थांबत, छायाचित्र काढत आणि पुढे जात. “हा नमदा आहे का?” आणि “कोणत्या रंगात रंगवले?” हे दोन प्रश्न सोडले तर फारसे कोणी काही विचारले नाही. रंगवलेले नाही, मेंढीच काळी आहे, असे सांगितले की हसून मान डोलवत. तिसऱ्या दिवशी एक वयस्क मेंढपाळ आले, त्याच ब्राबांत प्रांतातले. त्यांनी सरळ टांगणीला नाक लावले. बराच वेळ लावले. मग इंग्रजीत म्हणाले, की हिला कशाचाच वास येत नाही, तुम्ही हिला का धुतले? मी नियमाचे सांगितले. त्यांनी शांतपणे सांगितले, की नियम कच्च्या लोकरीला आहे, विणून झालेल्या कापडाला कोणी विचारले नसते. मी आयोजकांना विचारले. त्यांनीही तेच सांगितले; धुवा असे त्यांनी कुठेही लिहिलेले नव्हते. मी सगळा पत्रव्यवहार त्या रात्री पुन्हा वाचला. खरोखर लिहिलेले नव्हते. तो वास परदेशी माणसाच्या नाकाला आवडणार नाही असे मीच ठरवले होते आणि त्याला नियमाचे नाव दिले होते, तेही तात्यांसमोर.

माझ्या पिशवीतले तिसरे बसकर तात्यांचे स्वतःचे होते. निघताना नळकांड्याच्या टोकाला आधार म्हणून त्यांनीच खड्ड्याच्या काठावरून उचलून दिले होते. न धुतलेले, खळीचे, आठ-दहा वर्षे बसून चकचकीत झालेले. त्या मेंढपाळांना मी ते दाखवले. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतले, नाकाशी नेले आणि हसले. चौथ्या दिवसापासून मी ते टेबलावर ठेवले आणि मग प्रश्न सुरू झाले. वास कशाचा? चिंच म्हणजे कोणती, स्वयंपाकातली? पावसात हे अंगावर कसे घेतात? मी बसकर बाजूला ठेवून माझ्याच शालीची खोळ करून डोक्यावर घेऊन दाखवू लागले. धान्य वाळवायला, बाळंतिणीच्या खाली अंथरायला, खंडोबाच्या जागरणात बसायला, माळेगावच्या यात्रेत रात्री पांघरायला, असे घोंगड्याचे उपयोग सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की टांगण्याचा त्यात एकही नव्हता.

एका सकाळी दालन शेजाऱ्यांवर सोपवून मी टिलबर्गला जाऊन आले. अर्ध्या तासाची आगगाडी. ते एके काळचे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. वस्त्रसंग्रहालयही एका जुन्या गिरणीतच आहे. तेथे संगणकावर चालणाऱ्या मागांवर आजचे कलावंत आपले काम विणून घेतात. मात्र माझ्या लक्षात राहिले ते गावकऱ्यांचे टोपणनाव. जुन्या काळी लोकर धुण्यासाठी आणि आटवण्यासाठी मूत्र लागे. त्यातल्या अमोनियामुळे तेल सुटे. कामगार घरी मातीच्या सुरईत ते साठवून गिरणीला विकत, म्हणून टिलबर्गच्या लोकांना आजही ‘सुरईत मुतणारे’ म्हणतात, आणि ते नाव ते आनंदाने मिरवतात. घोंगड्याच्या वासाची लाज वाटलेली मी, त्या गावाच्या फलाटावर उभी राहून बराच वेळ हसत होते.

सहाव्या दिवशी एक वास्तुविशारद आले. जाड लोकर आवाज शोषते, म्हणून एका सभागृहाच्या भिंतींना त्यांना हे कापड हवे होते : दोनशे चौरस मीटर. मी तेथेच वहीत हिशेब मांडला. चौरस मीटरला सव्वा किलो, म्हणजे अडीचशे किलो सूत. एक बाई घरचे करून चार दिवसांत एक किलो सूत कातते, म्हणजे एक हजार दिवस. कातणाऱ्या दोघीच, आणि दोघीही साठीच्या पुढच्या. विणकामाला तात्यांना सहा महिने पुरले असते, पण सूत यायला दीड वर्षाच्या आसपास लागले असते, तेही कोणी आजारी न पडता. मी हा कागद तसाच त्यांच्यासमोर ठेवला. यंत्रावर कातलेले सूत चालेल का, असे त्यांनी विचारले. मी ‘मला विचारून सांगावे लागेल’ म्हणाले. शेवटी बारा चौरस मीटरवर बोलणे थांबले, नमुन्यादाखल. दोनशेला हो म्हणून कुठून तरी सूत गोळा करण्याचा मोह झाला नाही असे मी म्हणणार नाही.

27 ऑक्टोबर हा शेवटचा दिवस, आणि त्याच रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे गेली. त्यामुळे आम्हाला उतरवाउतरवीसाठी एक तास जास्त मिळाल्यासारखे झाले, प्रत्यक्षात तो सकाळी झोपेतच गेला. दालन आवरताना ते मेंढपाळ पुन्हा आले आणि त्यांनी बसकराची किंमत विचारली. कार्नेवरच्या वस्तू मला विकता येत नव्हत्या. ते बसकर यादीत नव्हते, पण ते माझेही नव्हते. मी क्षणभर घुटमळले आणि त्यांना ते तसेच देऊन टाकले.

परतीला स्किपोलवर तिसरा शिक्का घेतला. निघण्याच्या दालनात मार्टिन बास यांचे घड्याळ आहे : दुधी काचेच्या तबकडीमागे निळ्या डगल्यातला माणूस दर मिनिटाला काटा पुसतो आणि पुन्हा रंगवतो. तो चित्रफितीतला आहे हे माहीत असूनही मी पाचसहा मिनिटे उभी राहिले. त्याने एकदा फडका पिळला. वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी मी घरी पोहोचले. चौथा शिक्का मुंबईत मिळाला आणि बँकेतले तारण जानेवारीत मोकळे झाले.

दिवाळीनंतर टांगणी, पाटीचे छायाचित्र आणि बारा चौरस मीटरचे पत्र घेऊन तात्यांकडे गेले. त्यांनी पाटीवरचे आपले नाव नातवाकडून वाचून घेतले, पत्र घडी करून खिशात ठेवले आणि धुण्याबद्दल मी जे सांगायला आले होते ते पूर्ण ऐकून घेतले. मग खड्ड्याच्या काठाकडे बोट करून विचारले, “ते समदं ऱ्हाऊ द्या ताई. माझं बसकर कुठाय?”

मी दिले म्हणून सांगितले. लोकर संपली होती, त्यामुळे शिमग्याच्या कातरणीपर्यंत ते खताच्या रिकाम्या पोत्याची घडी टाकून बसले.